कृषी सल्ला: गोदामातली पाल, बांधावरची पाल

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पालींबद्दल आलेल्या प्रश्नांत तीन पुन्हा पुन्हा विचारले गेले. गोदामात पाली वाढल्या आहेत, औषध मारावे का? बांधाच्या दगडाखाली जाड शेपटीची, ठिपक्यांची पाल निघाली, ती विषारी असते का? आणि पाल पिकाचे नुकसान करते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्या घरा-शेतात दिसणारी पाल ना पान खाते ना दाणा. तिचे खाद्य म्हणजे पतंग, झुरळे, पंख फुटलेली वाळवी. मात्र कोळी आणि मित्रकीटकही ती सोडत नाही, त्यामुळे कीड नियंत्रण तिच्या भरवशावर टाकू नका. प्रकाश सापळ्याजवळ ती हमखास ठाण मांडते आणि पतंग आत पडण्याआधीच गट्ट करते. सापळ्यात पतंग कमी दिसले तर आधी आजूबाजूला पाल आहे का ते बघा, मगच कीड घटली म्हणा.

जगात पालींच्या दीड हजारांहून जास्त प्रजाती आहेत. सगळ्या ओळखायची गरज नाही. पाय आणि डोळे नीट पाहिले तरी बरेचसे उलगडते.

भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. डिंकासारखे काही तिथे नसते. हे फाटे पृष्ठभागाला इतके जवळून टेकतात की रेणूंमधल्या आकर्षणावरच पाल छताला उलटी तोलून धरली जाते. तिला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ते ती जिभेने पुसते. काहींनी ‘दोन जातींच्या पाली’ म्हणून फोटो पाठवले होते, त्यातल्या बऱ्याच एकाच जातीच्या आहेत. तुटून पुन्हा आलेल्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो, म्हणून ती बोथट आणि वेगळ्या रंगाची दिसते.

दगडाखालची ती बिबट्या पाल. तिचा गटच निराळा. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, बोटांना पट्ट्या नसतात, नुसती नखे असतात. त्यामुळे ती गुळगुळीत भिंत चढू शकत नाही, जमिनीवरच राहते. जाड शेपटीत चरबी साठवलेली असते, उपासमारीत तीच कामी येते. ही बिचारी केवळ दिसण्यामुळे मारली जाते. जगात एकही पाल विषारी नाही. हिला डिवचले तर चावेल, जखम साबणाने धुवा, बस्स. अमेरिकेतला गिला मॉन्स्टर हा सरडा विषारी आहे खरा, पण तो पाल नव्हे.

बहुतेक पाली रात्री फिरतात आणि त्यांची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते. दिवसा फिरणाऱ्यांची बाहुली गोल असते. मादागास्कर आणि मॉरिशसकडच्या हिरव्यागार दिनचर पाली तर फुलांतला मधही चाटतात आणि मॉरिशसमध्ये काही झाडांचे परागीभवन त्यांच्याकडूनच होते.

ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारी टोके पाल फूटभर वाढते. निळसर-राखाडी अंगावर नारिंगी ठिपके आणि ‘टो-के’ असा मोठा आवाज. ती औषधी आहे या खोट्या समजातून तिची तस्करी चालते. 2019 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. ‘पाल पकडून द्या, मोठी रक्कम देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आता गोदाम. आधी लेंड्या तपासा. पालीच्या काळ्या लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, उंदराच्या लेंडीला तो नसतो. ठिपका नसेल तर बंदोबस्त उंदरांचा करा. पालीसाठी धान्यावर औषध मारू नका. विषारी किडे खाऊन ती पोत्यांमध्येच मरून पडेल. दिवा दारापासून लांब लावा, फटी बुजवा, पोती झाका. किडे आले नाहीत तर पालही फारशी टिकत नाही. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात, म्हणून विष्ठा पडलेले धान्य बाजूला काढा. पिण्याच्या पाण्यात पाल पडली तर ते ओतून द्या आणि भांडे घासून घ्या.

पॉलिहाऊसमधल्या चिकट सापळ्याला पाल चिकटली तर ओढू नका, कातडी सोलली जाते. पायांवर थोडे गोडेतेल सोडा, हळूहळू ती स्वतःच सुटते.