एका दिवसाच्या सहलीसाठी समुद्रकिनारे कसे निवडावेत? दिवसात किती बघून होतात?

दोन. तिसरा नकाशावर कितीही जवळ दिसू दे.

एवढं ठामपणे सांगते, कारण आमच्या घरात या विषयावरून चार वर्षं धुसफूस चालू आहे. माझ्या मोठ्या दिरांनी एका दिवसात पाच किनारे बसवले होते. प्रत्येकी पाऊण तास, सगळं तक्त्यात छापून. त्या तक्त्यात भरती-ओहोटीचा रकाना तेवढा नव्हता. आदल्या रात्री मी म्हटलं, "भाऊजी, कालच पौर्णिमा झाली, उधाण असणार, वेळा बघून घेऊ या का?" तर म्हणाले, "आपल्याला काय होडी हाकायची आहे?"

पहिल्या किनाऱ्यावर साडेसातला पोचलो, तर सुकती. पाणी पार लांब, मध्ये घोटाभर चिखल. पोरं पाण्याला पाय लावून परतेपर्यंत पाऊण तास संपला. दुसरा खडकाळ होता. डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं. पोरं अशी रमली की हाकेला ओ देईनात. त्या दिवसातला चांगला किनारा तेवढाच, आणि तिथूनच भाऊजींनी शिट्टी मारून हाकललं.

तिसऱ्यावर वाळूच्या दोन तुकड्यांमध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली. खडकांवरून कोरड्या पायांनी पलीकडे गेलो, फोटो काढले, अर्ध्या-पाऊण तासाने वळलो तर वाट पाण्याखाली. ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरतीला साधारण ६ तास १२ मिनिटं लागतात, पण पाणी एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात जाणवतही नाही आणि भरतीचं निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं. आम्ही नेमके त्यात सापडलो. सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून मांडीभर पाण्यातून आणलं. त्यांची एक चप्पल गेली, मी नखशिखांत भिजले. गाडीच्या आडोशाला कपडे बदलायला मला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा.

चौथ्यावर एक वाजता पोचलो तर किनाराच गायब, लाटा थेट बांधावर. पाचवा म्हणे सूर्यास्तासाठी. तो निघाला आत वळलेला; सूर्य गेला डोंगरामागे आणि आम्ही बघत बसलो सावली. आता प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा कसा सांगितला जातो? "हिला कपडे बदलायला वेळ लागला, म्हणून सगळं बिनसलं."

असो. निवडायचंच तर एक खडकाळ आणि एक डुंबायचा. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटी संपायच्या तास-दीड तास आधी पोचा आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. डुंबायचा किनारा बारीक वाळूचा, पसरट बघा. वाळू जाडीभरडी असली की उतार बहुधा तीव्र असतो, लाट अंगावरच फुटते. लहान मुलं असतील तर तिथे उतरूच नका. नदीचं मुख फोटोपुरतं ठीक, ओहोटीला तिथे ओढ भयंकर असते. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक गुळगुळीत, शांत पट्टा दिसतोय, तर बरीच मंडळी हौसेने तिथेच शिरतात. आत आलेलं पाणी परत जातं ते बहुतेकदा तिथूनच! ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा.

गेल्या आठवड्यात कुणी जाऊन आलं असेल तर त्यांच्या वेळा तुमच्या कामाच्या नाहीत. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते.

हे सगळं अर्थात दिवसातून दोनदा भरती येते तिथलं. काही ठिकाणी ती एकदाच येते, आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर पाण्यात जेमतेम वीतभर-हातभर फरक पडतो. तिथे खुशाल पाच करा.

आणि भाऊजी, हे वाचत असाल तर: भरतीच्या टोकाला पाणी बराच वेळ जवळपास तिथेच असतं. चौथ्या किनाऱ्यावर दहा मिनिटं आधी पोचलो असतो, तरी त्याच बांधावर उभे राहिलो असतो.