एमआरसीपी झाली, मग आता ईआरसीपी कशाला? त्रास होतो का?

वडिलांच्या पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली आहे आणि एमआरसीपी होऊनही डॉक्टर ईआरसीपी सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. नावं सारखी असल्यामुळे आईच्या वेळी माझाही हाच गोंधळ झाला होता. एमआरसीपी म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेलं पित्तनलिकेचं फक्त चित्र. त्यात खडा दिसतो, पण निघत नाही. ईआरसीपीत तो दुर्बिणीने काढतात. 1968 साली ही पद्धत निघाली तेव्हा ती तपासणीच होती. 1974 पासून पित्तनलिकेच्या तोंडाला छेद देऊन खडे काढू लागले. आता नुसतं बघण्यासाठी ती सहसा करत नाहीत.

दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. पित्तनलिका तिथे आतड्याच्या भिंतीत उघडते, म्हणून या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नसून बाजूला असतो. नलिकेत बारीक नळी सरकवून डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडतात, एक्स-रेवर खडा हेरतात आणि फुग्याने किंवा जाळीने आतड्यात ओढून घेतात. पोटावर टाका पडत नाही. आईला गुंगीचं औषध दिलं होतं, तिला काहीच आठवत नाही. दोन दिवस घसा तेवढा दुखला.

धोका आहे, तो लपवत नाही. 100 पैकी साधारण 3 ते 10 जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची सौम्य असते, काहींची गंभीर. ती टाळण्यासाठी गुदद्वारातून एक औषध देतात, त्याबद्दल विचारा. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधीच सांगा. घरी आल्यावर पोटात जोराची कळ, उलट्या, थंडी वाजून ताप किंवा काळी शौच झाली तर सकाळची वाट पाहू नका.

आता सगळ्यात कळकळीने सांगतो ते स्टेंटचं. आईच्या नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, ठेवला होता. डिस्चार्जच्या कागदावर त्याची एक ओळ होती, समजावून कुणी सांगितलं नाही, आणि आई बरी दिसत होती म्हणून आम्हीही विचारलं नाही. पाचव्या महिन्यात ती हुडहुडी भरून तापली, डोळे पुन्हा पिवळे झाले. स्टेंट तुंबला होता. तो साधारण 3 महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. घरी निघण्याआधी स्टेंट घातलाय का आणि कधी काढायचा हे विचारा, तारीख लगेच मोबाईलमध्ये टाका.

पित्ताशय अजून असेल तर त्याच्या ऑपरेशनचंही तेव्हाच विचारून घ्या. त्यातला दुसरा खडा पुन्हा नलिकेत उतरू शकतो.