माल गेला, पैसे अडकले : कोल्हापुरी चपलांच्या कारागिराने येणे कसे वसूल करावे?

प्रश्न : माझे वडील कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी हाताने कोल्हापुरी चपला बनवतात. पुण्यातल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी गेल्या दसऱ्याआधी 250 जोड आणि जानेवारीत लगीनसराईसाठी 450 जोड पाठवले. दर जोडी 600 रुपये. एकूण 4,20,000 रुपयांपैकी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये 1,10,000 खात्यावर आले. तगादा लावल्यावर त्याने जुलैची तारीख घालून 1,00,000 चा चेक दिला, पण ‘मी सांगेन तेव्हाच टाका’ म्हणाला. आता म्हणतो, मालाला बुरशी आली, तळ उकलले, काही देणार नाही. लेखी करार नाही. वडिलांची वही, ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे एवढेच आहे. भावाने नोव्हेंबरमध्ये वडिलांच्या नावाने उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) केली होती. हाच व्यापारी रेक्झिनच्या मशीनवरच्या चपला ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकतो. लोक म्हणतात, पोलिसांत 420 ची तक्रार द्या. वडील म्हणतात, वीस वर्षांचा संबंध आहे, नोटीस नको. काय करावे?

उत्तर : ताई, बाकी सगळे नंतर, आधी तो चेक बँकेत भरा. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते, म्हणजे हा ऑक्टोबरमध्ये बाद होईल. ‘मी सांगेन तेव्हा टाका’ या वाक्यात बहुतेक वेळा तीन महिने उलटून जावेत एवढाच हिशेब असतो. वटला तर उत्तम. परत आला, तर बँकेचा मेमो हाती पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली फौजदारी तक्रार दाखल करावी लागते. या मुदती चुकवू नका. आणि त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. वडिलांचे खाते ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयात ही तक्रार चालते.

आता मुख्य येणे. व्यापाऱ्याकडे 3,10,000 बाकी आहेत, पण कायद्याच्या नजरेने हे दोन वेगळे व्यवहार आहेत, कारण तुमची उद्यम नोंदणी दोन्हींच्या मधे झाली. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 चा एमएसएमई विकास कायदा आहे. लेखी मुदत ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, ठरलेली असली तरी 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हिशेबापुरता बँक रेट सहा टक्के धरला, तर वर्षाला अठरा टक्के होतात. जानेवारीच्या 2,70,000 वर पहिल्याच महिन्याचे 4,050 रुपये झाले. व्याज माफ केल्याचा तोंडी शब्द दिला असेल तर त्याने बिचकू नका, कायद्यापुढे तो टिकत नाही.

पण हे संरक्षण नोंदणीनंतर पाठवलेल्या मालालाच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 आणि 2022 च्या निकालांत म्हटले आहे. 2025 मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, तरी तुम्ही त्या आशेवर बसू नका. दसऱ्याचा माल 1,50,000 चा होता. खात्यावर जमा झालेले 1,10,000 कोणत्या मालापोटी, हे व्यापाऱ्याने कुठे लिहिले आहे का, ते मेसेजमध्ये नीट पाहा. लिहिले नसेल, तर ती रक्कम कोणत्या येण्यात वळती करायची हे ठरवण्याचा अधिकार करार कायद्याच्या कलम 60 ने वडिलांना आहे. ती दसऱ्याच्या मालात वळती करा आणि नोटिशीत तसे स्पष्ट लिहा. मग जुन्या व्यवहाराचे फक्त 40,000 उरतात आणि जानेवारीचे पूर्ण 2,70,000 कायद्याच्या छत्राखाली राहतात. चेक वटला तर त्यातूनही आधी हे 40,000 फेडून घ्या. वहीत आज जसे एकत्र ‘जमा’ लिहिले असेल, ते तसेच ठेवून वेगळा हिशेब मांडा. जुन्या नोंदीत एक अक्षरही खाडाखोड नको.

बुरशीचे कारण मला अजिबात पटत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे कोंदट गोदामात पावसाळाभर पडून राहिले, तर त्याला बुरशी येणारच. तो ठेवणाऱ्याचा हलगर्जीपणा, बनवणाऱ्याचा दोष नव्हे. कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. जानेवारीतल्या मालाची तक्रार इतक्या महिन्यांनी! शिवाय त्यातले जोड त्याने विकले असतील, तर विकलेला माल ‘नाकारला’ म्हणता येत नाही. त्याच्या दुकानाच्या पानावर तुमच्या वेणीचे, कानाचे (चपलेच्या बाजूच्या पाकळीचे) काम ओळखू येईल असे फोटो असतील, तर तारखेसकट जपून ठेवा. तळाची शिलाई वडिलांच्या हातची आहे, हे तुम्हाला दुरूनही कळेल.

पुराव्यात एकटी वही पुरत नाही. तिला ट्रान्सपोर्टच्या पावतीची जोड हवी, आणि ती तुमच्याकडे आहे. व्हॉट्सॲप चालते, पण सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. ज्या फोनवर बोलणे झाले तो विकू नका, रिसेट करू नका. ‘दिवाळीपर्यंत क्लिअर करतो’ असा एखादा मेसेज असेल, तर तो सोन्याहून मोलाचा.

पुढची पायरी : वकिलामार्फत नोटीस, आणि उत्तर न आल्यास सुविधा परिषदेकडे (याच एमएसएमई कायद्याखाली अडकलेल्या येण्यांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) ऑनलाइन अर्ज. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमले तर लवाद. विक्रेता ज्या भागात आहे तिथल्या परिषदेला पुण्याच्या खरेदीदारावरही अधिकार आहे. निवाड्याला आव्हान द्यायचे तर व्यापाऱ्याला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. उरलेल्या 40,000 साठी दिवाणी दावा, त्याला माल पोचवल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

420 चे (हे जुने कलम, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 318) नाव काढू नका. फसवण्याचा हेतू पहिल्या दिवसापासून होता हे दाखवता येत नसेल, तर थकबाकी ही दिवाणी बाब असते. इथे तर त्याने 1,10,000 दिलेही आहेत. पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत चेकची मुदत निघून जाईल.

रेक्झिनच्या चपलांचा विषय या वसुलीत मिसळू नका. ‘पैसे दे, नाहीतर तक्रार करतो’ असे एक वाक्य लिहिलेत, की धमकावल्याचा आरोप तुमच्यावरच उलटेल. मात्र हा विषय सोडूही नका. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. मालकी महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाकडे आहे. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या चपलांवरून झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. वडिलांनी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी केली, तर अशा नकली मालाविरुद्ध ते स्वतःच्या नावाने जिल्हा न्यायालयात जाऊ शकतील. तोवर दुकानातून एक जोड बिलासकट विकत घ्या, बिलावर ‘कोल्हापुरी’ लिहून घ्या आणि महामंडळाला लेखी कळवा.

वडिलांना एवढे सांगा, की नोटीस म्हणजे भांडण नव्हे. संबंध राखणारा माणूस आठ महिने पैसे अडकवून वर मालाला नावे ठेवत नाही. त्या पैशांत कातड्याचे, वेणी घालणाऱ्या बायकांच्या मजुरीचेही पैसे आहेत, ते वडिलांनी पदरचे भरले आहेत. शिवाय लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास व्यापाऱ्याला त्या वर्षी आयकरात तो खर्च वजा मिळत नाही, ही 2023 ची दुरुस्ती आहे. त्याच्या सीएला नोटिशीचा अर्थ लगेच कळेल आणि बोलणी बहुधा तिथूनच सुरू होतील.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. अर्ज वडिलांच्या नावाने असल्याने, लागू असल्यास त्यांचा जातीचा दाखला, उद्यम प्रमाणपत्र, पावत्या आणि मूळ वही सोबत न्या. वहीची झेरॉक्सच द्या, मूळ प्रत कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका.