शिअर पिन तुटते, ती तुटण्यासाठीच असते

वाचक विचारतात : गार्डन ट्रॅक्टरचा स्नोब्लोअर

प्रश्न : ट्रॅक्टरच्या पुढे 42 इंची, दोन टप्प्यांचा स्नोब्लोअर जोडला आहे (बर्फ फेकणारं यंत्र : पुढचा ऑगर, म्हणजे आडवा स्क्रू, बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो बाहेर फेकतो). ऑगरच्या शिअर पिना, म्हणजे ऑगरला त्याच्या शाफ्टशी जोडणाऱ्या पिना, सारख्या तुटतात. शेजारी म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानातला चांगला मजबूत बोल्ट घाला, कटकट मिटेल. घालू का? (एक वाचक, मिनेसोटा)

उत्तर : अजिबात नको. तो सल्ला म्हणजे फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार बांधण्यासारखा आहे. ऑगरमध्ये दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की काहीतरी तुटणारच. ते काही डॉलरची पिन असावी की गिअरबॉक्समधलं ब्राँझचं दातेरी चाक, एवढंच आपल्या हातात असतं. गिअरबॉक्स बदलायला निघालात तर जुन्या यंत्राच्या किमतीइतका खर्च सहज होतो.

पिन घ्यायची ती यंत्राच्या पार्ट नंबरवरूनच. जाडी जुळली म्हणजे पिन जुळली असं नाही. बऱ्याच पिनांना ठरावीक जागी खाच असते आणि ती तिथेच तुटते. बोल्टच्या डोक्यावर तीन रेषा असतील तर तो ग्रेड 5, सहा असतील तर ग्रेड 8 (ग्रेड म्हणजे बोल्टच्या मजबुतीची पायरी). हे दोन्ही इथे चालत नाहीत. डोकं कोरं दिसलं म्हणून तो बोल्ट आपोआप योग्य ठरतो असंही नाही.

आता सारख्या का तुटतात ते पाहू. रस्ता साफ करणारी गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी गोठलेल्या ढेकळांचा बांध घालून जाते. त्यात ट्रॅक्टर वेगाने घुसवला तर पिन जाणारच. तिथे निम्म्या रुंदीनेच, अगदी सावकाश घुसा. दुसरं कारण म्हणजे भोकं लांबट होणं. पिन ढिली बसली की प्रत्येक हिसक्याला तिच्यावर हातोडा बसल्यासारखा मार बसतो. पिन काढून भोक बोटाने चाचपा. ते लंबगोल झालं असेल तर भरून घेऊन पुन्हा पाडावं लागेल.

याच्या उलट दोष जास्त घातक आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही : पिन कधीच तुटत नाही. ऑगर आतल्या शाफ्टवर गंजून घट्ट बसला असेल तर पिनेवर भारच येत नाही, सगळा धक्का थेट गिअरबॉक्सला जातो. म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये इंजिन बंद करा, चावी काढा, दोन्ही बाजूंच्या पिना काढा आणि ऑगर हाताने फिरवून बघा. तो शाफ्टवर मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर टोकांना पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी पाइप पान्याने थोडं पुढे-थोडं मागे असं हलवा. मोकळा झाला की ऑगर फिरवत फिरवतच निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस भरा, दोन्ही टोकांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. निपल नसेल तर ऑगर उतरवून शाफ्टला ग्रीस लावावं लागतं.

गिअरबॉक्स आधीच गेला आहे का, हे ओळखणं सोपं आहे. पिना शाबूत असताना, इंजिन बंद आणि चावी खिशात ठेवून, ऑगर हाताने फिरवा. मागचा पंखा स्थिर राहून ऑगर खुशाल फिरत असेल तर आतल्या चाकाचे दात गेले. तेल पांढुरकं दिसत असेल तर सील फुटून पाणी शिरलं आहे.

प्रश्न : रिकामा असताना ब्लोअर जोरात फिरतो, बर्फात घातला की थांबतो. जळका वास येतो. (ओंटारियो)

उत्तर : वास पट्ट्याचा आहे, तेव्हा सुरुवात तिथून. इंजिन बंद करून पट्टा पाहा. त्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, किंवा तो झिजून पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत असेल, तर कितीही ताण दिला तरी घसरणार. पट्ट्याची पकड बाजूंची असते, तळाची नाही. नवा घेताना लांबी जुळणारा हलका पट्टा घेऊ नका. यंत्रासाठी सांगितलेलाच घ्या. सोबत आयडलर पुली (पट्ट्याला ताण देणारी पुली) हाताने फिरवा. ती खरखरत असेल किंवा तिचा दांडा गंजून अडकत असेल तर नवा पट्टाही महिनाभर टिकणार नाही. ताण देणारी स्प्रिंग सैलावली आहे का तेही पाहा.

पट्टा ठीक निघाला, तर इलेक्ट्रिक पीटीओ क्लच तपासा, म्हणजे इंजिनची ताकद ब्लोअरला जोडणारा विजेचा क्लच. ट्रॅक्टर तापल्यावरच तो सुटत असेल तर बहुधा झीज होऊन त्याच्या चकत्यांमधली फट वाढली आहे. ज्या क्लचवर जुळवणीचे तीन नट असतात, त्यात नटांशेजारच्या खिडक्यांतून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून ती मोजता येते. साधारण 0.012 ते 0.015 इंच असते, पण आकडा मॅन्युअलमधलाच धरा आणि तिन्ही ठिकाणी सारखा ठेवा. फट बरोबर असेल तर इंजिन चालू असताना क्लचच्या जोडावर व्होल्टेज मोजा. 12 च्या खाली असेल तर दोष क्लचचा नाही. गंजलेली अर्थ, स्विच किंवा चार्जिंग तपासा. अनेक जण इथे नवा क्लच घेऊन मोकळे होतात आणि दोष तसाच राहतो.

सीटवरून किंचित उठलं की ब्लोअर बंद पडतो, तो मात्र दोष नाही. सीटखालचा सेफ्टी स्विच आपलं काम करतोय. त्याला तार जोडून बगल देऊ नका.

प्रश्न : मार्चमधला ओला बर्फ शूटमध्ये (बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात) अडकतो. (न्यूयॉर्क राज्य)

उत्तर : थ्रॉटल पूर्ण, चाल मंद. बरेच जण उलट करतात : इंजिन धीमं, ट्रॅक्टर जोरात. पंख्याची पाती आणि त्याभोवतीचं घर यांत पाव इंचाहून जास्त फट असेल तर पाणीदार बर्फ फेकला न जाता तिथेच घोटाळतो. पात्यांना पाव इंच जाड, आत कापड असलेल्या रबराच्या पट्ट्या बोल्टने बसवल्या की ती फट भरते. त्या सगळ्या पात्यांना, सारख्या वजनाच्या बसवा, नाहीतर पंखा थरथरेल. शूटमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा. रंग उडाला असेल तर आधी रंगवा.

अडकलेलं काढायचं ते इंजिन बंद करून, चावी काढून, काठीनेच. पट्ट्यात ताण साठलेला असतो. अडथळा सुटताच इंजिन बंद असूनही पंखा झटका देतो. बोटं तेवढ्यानेही जातात.

प्रश्न : चढावर मागची चाकं फिरत राहतात. (मिशिगन)

उत्तर : पुढच्या जड ब्लोअरने मागचा भार कमी केला आहे. दोन्ही मागच्या चाकांना साखळ्या, शिवाय चाकांची वजनं किंवा मागच्या बाजूला बॅलास्ट (जास्तीचं वजन) लावा. टायरमध्ये द्रव भरणार असाल तर नुसतं पाणी नको, ते गोठतं. थंडीला टिकणारं विंडशील्ड वॉशर चालतं.

प्रश्न : ड्राइव्हवे खडीचा आहे. खडी उडते.

उत्तर : दोन्ही बाजूंच्या स्किड शूज (ब्लोअर ज्यांवर जमिनीला टेकतो त्या घसरपट्ट्या) खाली सरकवा. सपाट जागी खालच्या पात्याखाली एक इंच जाड लाकडाची पट्टी ठेवा, बोल्ट सैल करून शूज जमिनीला टेकवा, मग आवळा. खडीवर बर्फाचा इंचभर थर मागे राहतो, तो राहू द्या.