पेन टॅबलेट घ्या, पण माउस टेबलावर राहू द्या

तुमचं रोजचं काम ऑटोकॅडमध्ये (मोजमापाची ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर), अधूनमधून स्केचअप (त्रिमितीय मॉडेल उभं करायचं). दिवसभर माउस धरून मनगट दुखायला लागलंय, हाताने स्केच काढायची सवयही सुटत चाललीय. म्हणून विचारताय, की पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडायची सपाट पाटी, तिच्यावर पेन फिरवला की पडद्यावर कर्सर फिरतो) घेतला तर माउस कायमचा बाजूला ठेवता येईल का. टॅबलेट जरूर घ्या, माउस मात्र ठेवा.

कॅडमधला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधला, नेमकेपणा मुळात हातातून येत नाही. तो स्नॅपमधून (कर्सर नेमक्या बिंदूला चिकटवणारी सोय), ऑर्थोमधून (रेघ सरळ आडवी-उभीच ठेवणारी सोय) आणि कीबोर्डवर टाइप केलेल्या आकड्यातून येतो. 3450 मिमीची भिंत माउसने काढा नाहीतर पेनने, 3450 टाइप करावंच लागतं. ही विभागणी फार जुनी आहे. इव्हान सदरलंड यांनी 1963 मध्ये एमआयटीत केलेल्या स्केचपॅडमध्ये लाइट पेनने थेट पडद्यावर रेघा काढता येत. त्या अंदाजे काढल्या तरी चालत. 'या दोन समांतर', 'या सारख्या लांबीच्या' अशा अटी लावल्या की प्रोग्राम त्यांना बरोबर जागेवर बसवी. त्यामुळे पेनचा खरा फायदा मापं ठरायच्या आधी आहे, आकार अजून डोक्यात घोळत असताना. पक्कं ड्रॉइंग पेनने करता येतं, पण तिथे तो माउसपेक्षा सरस ठरत नाही.

तरीही ऑटोकॅड पेनने चालवायचंच असेल, तर काही सेटिंग आधी बदला. ती न बदलता बरेच जण पेनलाच नावं ठेवतात. टॅप करताना पेनचं टोक किंचित सरकतं. ऑटोकॅडला वाटतं तुम्ही ड्रॅग करताय, आणि चौकोनी सिलेक्शनऐवजी लॅसो (मोकळ्या हाताने काढलेला वेडावाकडा घेर) सुरू होतो. ऑप्शन्समध्ये सिलेक्शनच्या टॅबवर लॅसोची खूण काढून टाका. विंडोजमध्ये पेन दाबून धरला की राइट क्लिक होतो, तेही बंद करा. पेनच्या एका बटणाला मिडल क्लिक द्या, म्हणजे ऑटोकॅडमध्ये पॅन (ड्रॉइंग सरकवणं) आणि स्केचअपमध्ये ऑर्बिट (मॉडेलभोवती फिरणं) त्याच बटणावर येतं. टोक न टेकवता, हवेतच बटण दाबून क्लिक होईल असा पर्याय टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये (त्याच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल तर तोच निवडा. पॅन करताना टोक टेकवावं लागलं की हात अवघडतो.

ड्रायव्हरमध्ये पेन मोडच ठेवा, म्हणजे टॅबलेटवरची प्रत्येक जागा पडद्यावरच्या ठरलेल्या जागेशी जुळते. सुरुवातीला चुकल्यासारखं होतं आणि ओळखीचा म्हणून माउस मोड (कर्सर असेल तिथून पुढे सरकतो) लावायचा मोह होतो. तो लावलात तर हाताला ही सवय कधीच लागणार नाही. टॅबलेट आणि पडदा यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाणही सारखं ठेवा, नाहीतर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर अंडाकृती दिसतं. दोन मॉनिटर असतील तर ड्रायव्हरमध्ये टॅबलेट एकाच मॉनिटरशी जुळवा.

सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती माउसच्या चाकाची. मी माउस डाव्या हाताशी ठेवते, फक्त झूमसाठी. पेन हवेत हव्या त्या बिंदूवर धरायचा आणि डाव्या हाताने चाक फिरवायचं. झूम त्याच बिंदूभोवती होतो. हात एकदा बसला की हे फार वेगवान आहे.

आता स्केचिंग, ज्यासाठी मी टॅबलेट घ्याच म्हणते. स्केचअपमध्ये साधे ठोकळे उभे करा, हवा तो कोन लावा आणि त्या दृश्याची प्रतिमा क्रितामध्ये उघडा. क्रिता हे चित्र काढायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रतिमेचा लेयर (थर) फिकट करून वरच्या नव्या लेयरवर पेनने काढत सुटा. पर्स्पेक्टिव्ह ठोकळ्यांनी सांभाळलेलं असतं, तुम्ही फक्त छप्पर, खिडक्या, सावली, माणसं यांचा विचार करायचा. एकाच दृश्यावर तीन-चार पर्याय वेगवेगळ्या लेयरवर काढले की ते एकमेकांशेजारी तोलून पाहता येतात. कागदावर ट्रेसिंग पेपर चढवत जाण्याचं सुख इथे पुन्हा मिळतं.

प्लॅनचं स्केच असेल तर ते ऑटोकॅडमध्ये प्रतिमा म्हणून आणा आणि स्केल कमांडच्या रेफरन्स पर्यायाने एखाद्या माहीत असलेल्या मापाला जुळवा. मग त्यावर लाइन आणि आर्क नीट, आकडे देऊन काढा. ऑटोकॅडच्याच स्केच कमांडने मुक्तहस्त रेघ उमटते खरी, पण ती असंख्य बारीक तुकड्यांची होऊ शकते. पुढे ट्रिम (रेघ छाटणं) किंवा ऑफसेट (समांतर रेघ काढणं) करताना जीव जातो.

आकार साधारण ए5 एवढा पुरे. लहान टॅबलेटवर सगळं काम मनगटातून होतं आणि लांब रेघ कापरी येते. रेघ कोपरातून, खांद्यातून यायला हवी. दाबाच्या 8192 पातळ्यांच्या जाहिरातीने भुलू नका. कॅडमध्ये रेघेची जाडी लाइनवेट हे सेटिंग ठरवतं, दाब नाही, आणि स्केचिंगला 2048 सुद्धा भरपूर होतात.

राहिलं मनगट. पेन धरताना हात माउससारखा पालथा राहत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना आराम वाटतो. पण पेन घट्ट आवळून धरलात तर तेच दुखणं अंगठ्यात येईल. ड्रायव्हरमध्ये टोकाची संवेदनशीलता थोडी वाढवा, म्हणजे जोर द्यावा लागणार नाही. बोटांना मुंग्या येत असतील, तर टॅबलेटची वाट न पाहता आधी डॉक्टरांना दाखवा.