साडीच्या दुकानाची वेबसाइट फोटोंमुळे फार हळू उघडते. फोटो किती लहान करावेत?

फोटोची रुंदी १२०० पिक्सेलवर आणा आणि वेबपी (WebP, कमी जागा घेणारा फोटोचा प्रकार) फॉरमॅटमध्ये १०० पैकी ७५ ते ८० क्वालिटीला सेव्ह करा. मी पुण्यातल्या दुकानांच्या साइट बनवतो आणि बहुतेक वेळा दुखणं हेच निघतं: मोबाइलने काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चार एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला. असे वीस फोटो म्हणजे एका पानाला ८० एमबी! गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तो फोटो जेमतेम ४०० पिक्सेलच्या चौकटीत दिसतो. स्क्रीन तिप्पट घनतेची, म्हणजे तेवढ्याच रुंदीत तिप्पट पिक्सेल असलेली, धरली तरी १२०० पुरतात. सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) फोटो लहान दाखवलात तरी डाउनलोड अख्खी फाइलच होते.

आधी क्रॉप, मग रिसाइझ, शेवटी कॉम्प्रेस. कॉम्प्रेस केलेलीच फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह केली की पदरावरचे मोर पुसट होत जातात, म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपाच. ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश (Squoosh) हे फोटो लहान करायचं साधन मोफत आहे. त्यात मधली रेघ सरकवून मूळ आणि नवा फोटो शेजारी शेजारी बघता येतो. नजर जरीच्या काठावर ठेवा, क्वालिटी कमी पडली तर तिथे आधी कळतं.

- इमेज टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या फोटोच्या ओळीत) विड्थ आणि हाइट लिहा, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली ढकलला जातो.
- खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक तिथवर आला की मगच फोटो उतरवणं) लावा, पहिल्या मोठ्या फोटोला नको.

अपवाद एकच: पैठणीचं विणकाम झूम करून दाखवायचं असेल तर २००० पिक्सेलची वेगळी फाइल ८५ क्वालिटीला ठेवा आणि ती क्लिक केल्यावरच उघडू द्या.