टाळूवरच्या पिवळ्या खपल्या

प्रश्न : ताई, माझं बाळ अडीच महिन्याचं आहे. डोक्यावर पिवळट चिकट खपल्या जमून राहिल्या, टाळूवर जास्त, भुवयांतही थोड्या. सासूबाई म्हणतात टाळू नीट भरत नाही म्हणून झालं, शेजारची काकू म्हणते नायटा आहे, मोठ्या पोरीला जवळ जाऊ देऊ नको. मी नखानं एक खपली काढली तर खाली लाल झालं. बाळ दूध पितं, खेळतं, काही त्रास नाही. काय करू?
– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : अगं, घाबरू नको, नख मात्र आधी बंद कर. याला क्रेडल कॅप म्हणतात, कितीतरी तान्ह्या बाळांना होतं. पोटात असताना आईचे हार्मोन्स बाळाकडे जातात, त्यानं डोक्यावरच्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात अन् मेलेली कातडी तेलकट होऊन तिथंच चिकटून बसते, कातडीवरची एक साधी बुरशीही त्यात भर घालते. तुझ्या स्वच्छतेचा काही दोष नाही. बहुतेकांचं वर्षाच्या आत आपोआप जातं.

आता तेलाचं. आपल्याकडे टाळू भरतात, म्हणजे वाटीभर तेल थापतात अन् ते तसंच राहू देतात, मग वरून धूळ, घाम, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेल. खपली जाड होते ती इथंच! तेल लाव, पण ते निघालंही पाहिजे. खोबरेल थोडंसं चोळ, पंधरा-वीस मिनिटं थांब, बाळाच्या मऊ ब्रशनं गोल गोल फिरव, मग बेबी शाम्पूनं धू. टाळू मऊ लागते म्हणून बाया तिथं हातच लावत नाहीत अन् तिथंच सगळ्यात जास्त साचतं, हलक्या हातानं ब्रश फिरवला तर काही होत नाही. जेवढं सुटेल तेवढंच काढायचं, बाकीचं दोन-तीन दिवसांनी. मोहरीचं तेल, बेसन, लिंबू नको. भुवयांवर तेलाचं बोट नुसतं फिरव, शाम्पू नको, डोळ्यात जातो.

मेडिकलमधून कुणी सांगितली म्हणून ट्यूब आणू नको, बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खपल्यांतून पाणी किंवा पू आला, रक्त आलं, वास आला, बाळ डोकं घासायला लागलं, किंवा मानेच्या, काखेच्या घड्यांत लाल चट्टे पसरले तर मात्र पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा बालरोगतज्ज्ञाला दाखव. ताप असला तर त्याच दिवशी.

अन् काकूला सांग नायटा नाही, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मोठीला घेऊ दे बाळाला, बिचारी केव्हाची वाट पाहत असेल.